ताटात काहीतरी पडलंच पाहिजे

दिवाळीच्या तोंडावर सुरतेच्या डिंडोलीत आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये बायकांची बैठक होती. बाहेरून आलेल्या एका बाईंनी माईकवरून सांगितलं, पैशांची ओढाताण असेल तर एकमेकांना वेळ भेट द्या, आपल्या हातची कला भेट द्या, त्याला काही खर्च येत नाही. टाळ्या पडल्या. मी आमच्या कामगार गटाची पत्रकं घेऊन दाराशी उभी होते आणि माझं डोकं फिरलं. ज्या घरात नवरा बारा तासांच्या पाळीला आणि बायको शेठच्या साड्यांना लेस लावत मशीनवर, तिथं वेळ आणायचा कुठून? खर्च येत नाही म्हणे. आमच्या आईच्या खांद्याला विचारा.

आईचं मशीन श्रावणापासूनच जड चालत होतं. टाके सुटायचे, दोरा तुटायचा, साडीला ओरखडा गेला की शेठ मजुरी कापायचा. दुरुस्ती पुढे ढकलून ती तशीच रेटत होती. साड्यांचा एक गठ्ठा लाभपाचमीला बाजार उघडायच्या आत परत द्यायचा होता. म्हणजे सणातही मशीन बंद ठेवायची सोय नव्हती.

तिचा भाऊ, म्हणजे माझा मामा, गोडादऱ्यात राहतो आणि माग चालवतो. दिवाळीत माग बंद. सुरतेत याला वेकेशन म्हणतात. वेकेशन म्हणजे मालकाची सुट्टी आणि कारागिराचा बिनपगारी महिना, हे मी पत्रकात लिहिलं तर लोक म्हणतात फार कडक लिहिते. यंदा बोनसच्या जागी मिठाईचा डबा मिळाला. वर मालकाचा फोटो.

पाडव्याच्या दिवशी मामाचा निरोप आला, तब्येत बरी नाही, भाऊबीजेला जमणार नाही. आईला आजार लगेच कळला. तिनं देवाच्या फळीवरून एक घडी घातलेली नोट काढली आणि माझ्या हातात दिली.

"जा, त्याला घेऊन ये. आणि ही गुपचूप दे. उद्या ताटात टाकेल."

"म्हणजे तुझेच पैसे तुलाच ओवाळणी?"

"तुझ्या काकूसमोर त्याचं ताट रिकामं राहू नये. एवढंच."

काकू म्हणजे आईची जाऊ, शेजारच्याच दारात राहते. तिच्या नजरेतून ताटातलं काही सुटत नाही.

गेले. मामा गॅलरीत बसून शेजाऱ्याच्या पोराची सायकल दुरुस्त करत होता. तब्येत ठणठणीत. मला बघून मान खाली घातली आणि अहिराणीत म्हणाला, "तुन्ही मायले सांग, मी नही येवाव."

"का?"

"हात रिकामा आहे, बेटा. बहिणीच्या दारात काय तोंड घेऊन बसू पाटावर?"

नोट काढायला हात खिशात गेला होता. तो तसाच बाहेर आला. मी म्हणाले, "मामा, तिनं मामीचे ब्लाउज शिवले, तू आजारी होतास तेव्हा आठवडाभर डबा पाठवला, परवा तुमच्या करंज्याही तिनंच लाटल्या. त्याला कधी कुणी भेट म्हटलं? तू एक वर्ष नोट टाकली नाहीस तर तोंड लपवतोस. ती वर्षभर हात झिजवते, त्याचं कुणाला काही नाही."

"पत्रक वाचून दाखवतेस का मला?"

"वाचून नाही, तोंडपाठ आहे. तिचं मशीन मरायला टेकलंय. तुला त्यातलं कळतं आणि तू इथं सायकली दुरुस्त करतोयस."

तो परत सायकलच्या चेनकडे वळला. मी चहा न घेता निघाले. घरी आल्यावर नोट फळीवर ठेवली आणि आईला सांगितलं, दिली नाही. ती पाठ फिरवून मशीनवर बसली. भाऊ येणार की नाही, हे विचारायचंही तिनं टाळलं. निरांजनाची वात मात्र वळून ठेवली.

सकाळी मामा आला. काखेत पान्यांची पिशवी. पाटाकडे न जाता थेट मशीनपाशी गेला, ते उलटं केलं आणि आतून मुठीएवढा दोरा-कचरा काढला. सुईखालच्या पत्र्याची खरखरीत झालेली कड घासली, तेल दिलं, पट्टा आवळला. आई नवं पातळ नेसून नुसती बघत उभी. काकूही हजर.

मग तो पाटावर बसला. आईनं ओवाळलं. त्यानं ताटात एक सुपारी ठेवली.

काकू म्हणाली, "एवढंच का, भाऊ? यंदा माग फारच बंद दिसतात."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई मशीनवर बसली. साडीची कड धरून लेस लावत गेली, पार टोकापर्यंत. दोरा एकदाही तुटला नाही. ती कड तिनं जावेसमोर धरली. "ही बघा माझी ओवाळणी."

काकूनं टाके बोटानं चाचपले. थोड्या वेळानं आवाज मऊ करून म्हणाली, "भाऊ, आमचा मिक्सर पण बघा ना जरा. तुमच्यासाठी काय, दोन मिनिटांचं काम."

हीच ती तऱ्हा. नोटेला भाव, हाताला दोन मिनिटं. मी म्हणाले, "काकू, ताट घेऊन या. आधी ओवाळा. फुकट काही नाही."

"पोरीच्या जिभेला हाड नाही," काकू म्हणाली. पण गेली आणि ताट घेऊन आली. तिला मिक्सर हवाच होता. मामा दुसऱ्यांदा पाटावर बसला, कुंकवावर कुंकू, आणि इतका हसत होता की अक्षता कपाळावर टिकेनात.

मला अजून राग आहे. मामा वेळ देऊ शकला कारण त्याला पगाराविना घरी बसवलं होतं. लाभपाचम झाली, माग सुरू झाले. आईनं फोन लावून सांगितलं, मशीन गुणानं चालतंय, महिन्यानं येऊन तेल देऊन जा. पलीकडे मागांचा एवढा खडखडाट की तिला तीनदा ओरडून सांगावं लागलं.

"येतो," मामा म्हणाला. "वेळ मिळाला की येतो."

आईनं फोन ठेवला आणि तेलाची बाटली कुठं मिळते ते मला विचारलं.