उपडा ग्लास

तीन दिवस जोडून सुट्टी आली, म्हणून मी पुण्याहून गाडी काढली आणि एकटाच लोणारला गेलो. सरोवराकडे उतरणाऱ्या पायवाटेच्या तोंडाशी एक म्हातारे चहावाले बसले होते. कोणी खाली उतरलं, की ते फळीवर माणशी एक ग्लास उपडा ठेवत. कुटुंब असलं की पाच-सहा ग्लास एकमेकांना चिकटून. माझा एकटाच त्यांनी कडेला ठेवला.

खाली पाण्याकाठी मी उगाच बसून राहिलो. वर आलो तेव्हा दिवस मावळला होता, शेजारच्या टपऱ्या बंद झाल्या होत्या. फळीवर तेवढा एक ग्लास उपडा होता. त्यांनी तो सुलटा केला, गमछ्यानं पुसला आणि चहा ओतला.

"माझ्यासाठी थांबलात?"

"उतरलेल्या मानसाची वाट पाहाले वर कोनी तं पाह्यजे ना भाऊ." मग सहज विचारलं, "घरी कोन कोन हाये?"

"आहेत सगळे," मी खोटंच सांगितलं.

हल्ली सकाळी फ्लॅटला कुलूप लावण्याआधी मी ओट्यावर एक ग्लास उपडा ठेवतो. संध्याकाळी येऊन मीच तो सुलटा करतो.