विमानांचे दोन खंड आणायला नागपूरला

एप्रिलअखेर नागपूरला हौसेने कुणी जात नाही. मीही गेलो नसतो. पण जुन्या पुस्तकांच्या मोबाईलवरच्या एका गटात दोन जाडजूड ग्रंथांचा फोटो आला आणि माझा चहा तसाच निवून गेला. रशियन लष्करी विमानांचा सचित्र संदर्भसंच, खंड दुसरा आणि तिसरा. पहिला आमच्या घरी आहे. उरलेल्या दोहोंसाठी मी पुणे, मुंबई, हैदराबादचे पदपथ पालथे घातले होते.

पूर्वी ती हौस होती, आता गरज झाली होती. माझा थोरला भाऊ, दादा, वायुदलात विमानांचा फिटर होता. रशियन तो तिथेच शिकला. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि त्याचं बोलणं गेलं. पाणी हवं असलं तरी बोट दाखवतो. पण पहिला खंड उघडून समोर ठेवला, की त्यातला मजकूर मोठ्याने वाचतो, अगदी खणखणीत. घरात त्याचा आवाज तेवढाच उरलाय. हल्ली तर तो खंड त्याला पाठ झालाय. पान उलटायच्या आत म्हणून मोकळा होतो. वाचा सुधारायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "न वाचलेलं काहीतरी द्या, नाहीतर हेही जाईल." मी इंटरनेटवरून रशियन मजकूर छापून आणला, तर त्याने तो बाजूला सारला. त्याला तेच पुस्तक हवं, तसाच कागद, तशीच अक्षरं.

फोटो टाकणाऱ्या कमलबाई नागपूरच्या लकडगंजातल्या. त्यांचे यजमानही वायुदलातलेच, अलीकडेच वारलेले. मी फोन लावला आणि तिथे आमची सवय नडली. जुनी पुस्तकं घेणारा मनातलं कधी दाखवत नाही; डोळ्यांत चमक दिसली की भाव चढलाच. म्हणून मी सुस्कारा टाकला. "रशियन कोण वाचणार हो ताई? मला आपली चित्रं हवीत. बाकी रद्दीच की." भाव निम्म्यावर आला. फोन ठेवून मी स्वतःवरच खूश झालो.

नाशिकहून रात्रीची गाडी बरी पडते. या दिवसांत एसीचं तिकीट काढा, तिथे पैसे वाचवू नका. सकाळी स्टेशनबाहेर तर्री पोहे खाल्ले: पोह्यांवर लाल, झणझणीत चण्याचा रस्सा. नाकाडोळ्यांतून पाणी आलं आणि मजा वाटली. प्रवासातली मजा तेवढीच, हे आत्ताच सांगून ठेवतो. पुढे ई-रिक्षा केली. पन्नास सांगतात, तीसमध्ये येतात. लाकडाच्या वखारी आणि आरागिरण्या ओलांडून एका गल्लीत घर सापडलं.

"या भाऊ, बसा. एवढ्या उन्हात काहून आले? मी पार्सल केलं असतं ना."

कमलबाईंनी कूलर माझ्याकडे वळवला, पन्हं दिलं आणि आतून साडीचा एक खोका आणला. पुस्तकांच्या मानाने तो फारच हलका वाटला. झाकण उघडलं. आत विमानं होती. पानं नाहीत, नुसती विमानं. लढाऊ, बॉम्बफेकी, मालवाहू, प्रत्येक कडेकडेने कापून काढलेलं, शाळकरी मुलांच्या प्रकल्पासाठी कापतात तसं.

"आठवडाभर कापून राहिली होती मी," त्या म्हणाल्या. "पंख्याचे पाते तर नखं कापायच्या कैचीनं कापले. एकही तुटलं नाही, पाहा."

"आणि बाकीचं पुस्तक?"

"रद्दीवाल्याले देलं. तुम्हीच म्हणलं होतं ना जी, बाकी रद्दीच हाय म्हणून." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्या थबकल्या. "काहून, काही चुकलं का?"

मला ओरडावंसं वाटत होतं, तेही माझ्यावरच. मी म्हणालो, "नाही ताई. सुरेख कापलंय."

त्यांचा जीव भांड्यात पडला. "आमच्या ह्यांनी कधी कोणाले हात नाही लावू देला पुस्तकाले. तुम्हाले आवड हाय, म्हणून बसली कापत."

रद्दीवाला दोन गल्ल्या पलीकडे. तो तराजू पुसत म्हणाला, "माल कालच गेला काका, कळमेश्वरच्या कागद कारखान्यात. बिना चित्राचे पुस्तकं होते ते. काय करता त्याचं?" मी सरळ कळमेश्वरची बस पकडली. तासाभराचा रस्ता, खिडकीतून भट्टीसारखी झळ. औद्योगिक वसाहतीत कागदाचा कारखाना विचारत विचारत गाठला. फाटकावरच्या चौकीदाराने मला सावलीत बसवलं, आत जाऊन चौकशी केली आणि मान हलवत परत आला.

"सकाळीच लगदा झाला काका. गेलेला कागद वापस नाही भेटत."

कळमेश्वरला पाहण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. मी त्या फाटकापाशी बराच वेळ बसलो होतो. रात्री नागपुरात सावजी थाळी मागवली. लोक तिचं एवढं कौतुक करतात, पण मी ती अर्धी तशीच टाकून उठलो. सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत म्हणतात. तिकडे पाय वळला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं.

घरी आल्यावर खोका दादासमोर ठेवला. निदान चित्रं तरी बघेल, अशी आशा होती. त्याने एक विमान उचललं, चित्राकडे पाहिलंही नाही, उलटं केलं. पाठीमागे मागच्या पानावरचा मजकूर होता, विमानाच्या आकारात उरलेला. त्याचा चेहरा उजळला. तो वाचायला लागला, मोठ्याने, आणि ते शब्द मी याआधी त्याच्या तोंडून कधीच ऐकले नव्हते. दोन शब्द, तिसरा अर्धा, आणि पंखाची कड आली.

अर्धा शब्द त्याने पुन्हा म्हटला. मग खोक्यात हात घालून उरलेला अर्धा शोधू लागला. सगळी विमानं उलटी करून झाली. शेवटी त्याने माझ्यापुढे हात पसरला.

"दादा, ते नाही आणलं मी," मी म्हणालो.

आता पहिला खंड समोर ठेवला तरी तो ओळीच्या मध्येच थांबतो आणि माझ्यापुढे हात पसरतो.