मेणातला तुकडा

काल लॅबच्या खिडकीशी उभी होते, तेव्हा माझ्या तळहातावर ह्यांच्या टाचेचा तुकडा होता. तिळाएवढा, पांढऱ्या मेणात बसवून छोट्या डबीत ठेवलेला. टाचेवरचा काळा डाग कुरूप समजून आम्ही वर्षभर पट्ट्या लावत बसलो. तो निघाला त्वचेचा कॅन्सर, आता फुप्फुसापर्यंत पोचलाय. ह्या तुकड्यातल्या जनुकांत एक ठरावीक दोष सापडला, तरच नव्या गोळ्या देता येतील म्हणे.

आणि शेजारी आमच्या वन्सं, ह्यांची सख्खी थोरली बहीण!

"अगं, राहू दे ती तपासणी. जनुकांतलं काही निघालं तर घराण्याला बट्टा. माझ्या नातीचं जमत आलंय."

"वन्सं, डॉक्टरांनी दोनदा सांगितलं ना, दोष निघालाच तर तो गाठीतला, पिढीजात नाही!"

"ते लोकांना कोण सांगणार?"

काय म्हणावं! पत्रिकेतली नाडी बघायला आपण चार गावं पालथी घालू, पण जित्या माणसासाठी तिळाएवढं काही बघायचं म्हटलं की लोक आडवे येतात. एरवी माणसं रिपोर्ट निर्मळ यावा म्हणून नवस बोलतात. मला उलटंच मागायचंय.

डबी खिडकीतून आत सरकवली आणि म्हटलं, "वन्सं, हात जोडा. तुमच्या भावासाठी म्हणा, दोष निघू दे."