सावरीतली बाळंतीण

आमच्या चाळीच्या मागे गिरणीची भिंत होती आणि भिंतीपलीकडे सावरीचं एक प्रचंड झाड. संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होते. भोंगा बंद पडला, तरी बाबा सकाळी उठून त्या सावरीखाली जाऊन बसत. त्यांच्या खात्यातले सगळेच बसत. थंडीत पानं गळून झाड उघडं पडायचं आणि शिमग्याआधी लालभडक फुलांनी असं लगडायचं, की साळुंक्यांच्या कलकलाटात शेजारच्यांचा रेडिओ ऐकू येत नसे.

संप संपला असं कुणी आम्हाला कधी सांगितलंच नाही. बाबा गेले, गिरणी पाडली, टॉवर उभा राहिला. सावर कोपऱ्यात वाचली, पण तिच्या बुंध्याशी फरशा बसल्या आणि वरचं हवामानही तिला ओळखीचं राहिलं नाही. पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळायचा, थंडी नावापुरती यायची. होळीला अर्धं झाड हिरवंच असायचं आणि अर्ध्यावर तुरळक फुलं. उन्हाळे असे तापायला लागले की शेंड्याकडच्या फांद्या एकेक करून वाळल्या. एक जाड फांदी मोडून पडली तिथे खोडात ढोली झाली, अगदी आमच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीसमोर.

एका मार्चमध्ये त्या ढोलीत धनेश पक्ष्यांची जोडी आली. मी शाळेत विज्ञान शिकवते, पण पुस्तकातलं असं डोळ्यांसमोर घडताना कधी पाहिलं नव्हतं. मादी आत शिरली आणि तिने आतून ढोलीचं तोंड लिंपून घेतलं. चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवली. नर दिवसभर उंबरं आणून तिला भरवायचा. मी आईला सगळं समजावलं.

"म्हणजे बाळंतपणाक बसली म्हण की," आई म्हणाली. "मगे हळू बोल." त्या दिवसापासून तिने गॅलरीत मसाला कुटणं बंद केलं.

मे महिन्यात वादळ आलं. लहानपणी वादळं म्हणजे पूर्वेकडच्या किनाऱ्याची गोष्ट वाटायची. आता आपलाही समुद्र तापलाय. दिवसभर पत्रे उडत होते, आणि दुपारी तोफेसारखा आवाज झाला. सावरीचा अख्खा शेंडा टॉवरच्या आवारात कोसळला होता. उरलेलं खोड आमच्या बाजूला कललं होतं, बुंध्याच्या फरशा उखडून मुळं वर आली होती. फट दिसत होती, चोच काही दिसेना.

सकाळी वारा पडला तशी मी गॅलरीत धावले. फटीतून पिवळट टोक हललं.

"आई, आहे! जिवंत आहे!"

तेवढ्यात खाली पालिकेची गाडी आणि क्रेन आली. माणसं उतरली, करवत सुरू झाली. मी जिन्याकडे वळते तोवर आई कठड्यावरून ओणवी होऊन ओरडली, "थांबा रे मेल्यांनू! भितर बाळंतीण आसा!"

करवत थांबली. मुकादमाचा चेहरा पांढराफटक पडला. "कुठल्या खोलीत?"

"खोलीत नाय, झाडात!"

मुकादम हसला, पण मी खाली पोचून समजावलं तरी ऐकायला तयार नव्हता. "ताई, झाड कललंय. तुमच्या चाळीवर आलं तर काय करायचं?" त्याचंही बरोबर होतं.

उपाय सुचला तो माझ्यामागून उतरलेल्या माझ्या वहिनीला. वहिनी शीवच्या कोळीवाड्यातली, होड्यांमध्ये वाढलेली. "ढोलीचा तुकडाच उतरवू या ना," ती म्हणाली. "वरून कापा, खालून कापा, आणि मधला भाग आपल्या पिंपळाला बांधू." पिंपळ आमच्याच अंगणात होता, सावरीपासून हाकेच्या अंतरावर. मुकादम काही बोलायच्या आत तिने माहेरी भावाला फोन लावला. "दादूस, होडीचे जाड दोर घेऊन ये. आत्ताच्या आत्ता!"

मुकादमाने एकदा खोडाकडे, एकदा पिंपळाकडे पाहिलं. "असलं कधी केलं नाही," तो म्हणाला. मग मागे वळून ओरडला, "ए, क्रेन पुढे घे रे!"

फट कुणीतरी बंद करायला हवी होती, नाहीतर धक्क्याने मादी बाहेर यायला धडपडली असती. क्रेनच्या पाळण्यात मुकादमाबरोबर मी चढले. वर जाताना हसू आवरत नव्हतं. आईच्या जुन्या लुगड्याची घडी मी फटीत सरकवली तर आतून बोटावर टचकन चोच बसली. आणि तिच्यामागून बारीक, चिरका आवाज आला. पिल्लू! मी पाळण्यातूनच खाली ओरडले, "पिल्लू आहे!" सगळ्या गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या.

वर कापलं, दोर ताणले, खाली कापलं. तो तुकडा हवेत तरंगत आला तेव्हा सगळी चाळ कठड्यांशी दाटली होती. वहिनी आणि तिच्या भावाने तो पिंपळाच्या बेचक्यात बसवून असा आवळला की मुकादमाने हलवून पाहिला, तरी हलला नाही. मी घडी ओढून काढली आणि आम्ही सगळे लांब झालो.

नर आला. चोचीत उंबर घेऊन सावरीच्या रिकाम्या जागेभोवती फिरत राहिला. टॉवरच्या कठड्यावर बसला, पुन्हा उडाला. आई हात जोडून उभी होती. दुपार कलली तरी तो तिथेच घुटमळत होता. मग फटीतून मादीने केकाटून हाक मारली. तो वळला, पिंपळावर उतरला, मान वाकडी करून बराच वेळ बघत राहिला आणि शेवटी त्याने उंबर फटीत दिलं. त्या क्षणी चाळीत जो जल्लोष झाला, तो मी गोविंदांच्या वेळीही ऐकलेला नाही. वहिनी तर नाचायलाच लागली.

जूनमध्ये मादी लिंपण फोडून बाहेर आली, आणि काही दिवसांनी पिल्लूही. मुकादम मुद्दाम बायकोला घेऊन बघायला आला होता. पिल्लू फांदीवर बसलं, पंख उघडले, मिटले, आणि धपकन आमच्या गॅलरीच्या कठड्यावर येऊन आदळलं. आईच्या हातापासून वीतभर अंतरावर. आई दगडासारखी स्तब्ध. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि वेडंवाकडं उडत टॉवरच्या पलीकडे गेलं. मागोमाग त्याचे आईबापही गेले.

"बघलंस?" आई माझा दंड घट्ट धरून म्हणाली. "माका बघल्यान तेना!"