कंदुरा घातलेला मोटकरी

दुबईत वीस वर्षं सुतारकाम केल्यावर पन्नाशीत मला बढती मिळाली, ती बैलामागं चालायची. गावाकडं हे सांगितलं की लोक हसतात. ‘मग एवढ्या लांब गेलास कशाला?’ म्हणतात. बरोबरच आहे त्यांचं.

झालं असं की दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या आमच्या वर्कशॉपला शहराबाहेर जुन्या काळची शेतवाडी उभारायचं काम मिळालं. खजुराची झाडं, झावळ्यांच्या झोपड्या आणि मधोमध बैलानं पाणी ओढायची विहीर. हिवाळ्यात लोकांनी तिकीट काढून यायचं आणि तेल सापडायच्या आधी इथली माणसं कशी जगत होती ते बघायचं. विहिरीवरची लाकडी चौकट मी बसवणार होतो. नकाशा हातात घेतला आणि मला हसूच फुटलं. अरे, ही तर आमची मोट! बैलाला चालायला तसाच उतार, तसंच लाकडी चाक, तसाच कातड्याच्या मोटेला बांधलेला जाड दोर. माझा बाप साताऱ्याकडं दुसऱ्याच्या मळ्यात मोट हाकायचा. मी आठ-नऊ वर्षांचा असताना विहिरीवर मोटर बसली आणि ते संपलं.

चौकट उभी राहिली, बैल आणला, आणि तिथंच घोडं अडलं. मोट वर ओढताना बैल उताराला आपसूक जातो. पण मोट पुन्हा विहिरीत सोडायची तर त्याला उलट्या पावली चढ चढावा लागतो, आणि त्यासाठी माणसाचा आवाज लागतो. कामावर घेतलेले दोघे गडी नुसती शेपटी पिळत होते. मला काही बघवेना. मी दोर हातात घेतला आणि बाप म्हणायचा ते गाणं धरलं. ‘मागं सर राजा, मोट गेली तळाला.’ पुढच्या ओळीत ते पाणी लेकराच्या मळ्याला जायचं. मळा कुणाचा हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण बाप तसंच म्हणायचा, आणि त्यातलं लेकरू म्हणजे मी. बैलानं कान टवकारले आणि एकेक पाऊल मागं यायला लागला. आमचा केरळी सुपरवायझर बघतच राहिला. म्हणाला, “भाई, कल से तुम इधर.”

मला कंदुरा मिळाला. लांब पांढरा अरबी झगा, पण जुना दिसावा म्हणून मुद्दाम मळवलेला. डोक्याला फडकं. अट एकच होती, तोंड उघडायचं नाही. बघणाऱ्याला मी इथलाच शंभर वर्षांपूर्वीचा माणूस वाटलो पाहिजे. म्हणून गाणं म्हणायचं ते बैलाच्या कानाशी, हळू.

मी फार सुखात होतो, हे लपवून काय करू? बाप गेला तेव्हा मी इथंच होतो. रजा आणि तिकीट मिळेपर्यंत त्याचा दहावा होऊन गेला होता. इथं ओल्या कातड्याचा वास आला, चाक कुरकुरायला लागलं की तो शेजारी उभा आहे असं वाटायचं. सुट्टीच्या दिवशी रूमवर मला करमायचं नाही.

मग एका शुक्रवारी दुबईतल्याच अल कुसैस भागातलं एक मराठी कुटुंब आलं. बैल त्या दिवशी हट्टाला पेटला होता, आणि मी भान विसरून गळा मोकळा सोडला. बाई ओरडल्याच, “अहो, इकडे या! हे तर आपल्याकडचे निघाले!” त्यांची मुलगी तोंड वाकडं करून म्हणाली, “मम्मा, ही इज नॉट इव्हन अरब!” नवऱ्यानं व्हिडिओ काढला. आठ दिवसांत तो फिरत फिरत मोठ्या साहेबांपर्यंत पोचला.

सुपरवायझर म्हणाला, “गुरुवार को एक बुढ्ढा साब आएगा. उसके बाप का ऐसा ही कुआँ था. वो बोलेगा ठीक, तो तुम रहेगा. नहीं तो वापस वर्कशॉप, खलास.” त्या आठवड्यात मला घास गोड लागला नाही. विहीर सुटली असती तर बाप दुसऱ्यांदा गेला असता.

म्हातारा काठी टेकत आला. तरुणपणी मुंबईत राहिलेला, हिंदी चांगलं बोलायचा. त्यानं खुर्ची मागवली आणि म्हणाला, “गाओ.” मी पूर्ण गाणं म्हटलं. त्यानं डोळे मिटून ऐकलं.

“अच्छा है,” तो म्हणाला. “लेकिन ये तुम्हारे बाप का है. कुआँ मेरे बाप का है. मेरे बाप का गाना सीखो, फिर रहो.”

आठवडाभर तो रोज दुपारी येऊन मला शिकवत होता. मध्येच थांबायचा, डोक्यावरच्या कापडानं डोळे पुसायचा. त्याला चार मुलगे, पण एकानंही हे गाणं कधी मागितलं नव्हतं. मी जीव ओतून शिकलो. बैल दोन दिवस अडून बसला, मग त्यालाही सवय झाली. आता मला मोठ्यानं गाता येत होतं, लोक टाळ्या वाजवत होते. म्हातारा शुक्रवारी येऊन खुर्चीत बसायचा आणि निघताना माझा खांदा दाबायचा. असे चार हिवाळे गेले. मला वाटलं, आपलं भलंच झालं.

यंदा उन्हाळ्यात रजेवर घरी गेलो. मुलगी पुण्याला नोकरी करते, तीही आली होती. तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला. “अप्पा, आजोबांचं मोटेवरचं गाणं म्हणा ना. मी जपून ठेवते.”

मी घसा साफ केला, डोळे मिटले आणि सुरू केलं. अरबी आलं. सगळे हसले, मीही हसलो. पुन्हा सुरू केलं. ‘मागं सर राजा, मोट गेली तळाला’ एवढं आलं आणि पुढं म्हाताऱ्याची ओळ आपोआप येऊन बसली. तिसऱ्यांदाही तेच. लेकराच्या मळ्याला पाणी जातं एवढं आठवत होतं, पण बापाचे शब्द कुठले होते? थोरल्या भावाला विचारलं. तो म्हणाला, “बापामागं तूच तर म्हणायचास, आम्ही कुठं लक्ष दिलं?” मी उठून परसात गेलो आणि चूळ भरायच्या निमित्तानं रडून घेतलं.

परत आलो तेव्हा मुलगी म्हणाली, “असू द्या अप्पा, तुम्हाला येतं ते म्हणा.” मी म्हाताऱ्याचं गाणं म्हटलं, अगदी पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुठं न अडखळता. तिनं ते मोबाइलमध्ये ठेवलं आणि वर नाव दिलं, ‘आजोबांचं गाणं’.