सातवाच लिव, बाय!

प्रसूतिगृहात नर्सची नोकरी केली की किस्से न मागता जमत जातात. एकोणीसशे साठच्या आसपास मी डहाणूला होते. माझे किस्से मात्र सगळे वेळेआधी आलेल्या बाळांचे. सांगताना हसते, पण जीव आजही थाऱ्यावर राहत नाही.

*

आमच्याकडे ठाम समज: सातव्या महिन्यातलं पोर जगतं, आठव्यातलं नाही. त्यामुळे लवकर आलेलं प्रत्येक बाळ सातव्यातलं!

एकदा आमच्या डॉक्टरीणबाई वैतागल्या, "या तालुक्यात कुणाला आठवा महिना लागतच नाही का?"

सुनेच्या बाळंतपणाला आलेली रेल्वेतल्या एका क्लार्कची आई शांतपणे म्हणाली, "लागतो हो. सांगत नाही आम्ही!"

*

बाईंच्या डोक्यात एक किडा होता. आईला ताप, गर्भपिशवीला सूज आणि बाळ लवकर, असं झालेल्यांपैकी काही मुलं पुढे उशिरा बसायची, हातपाय ताठ व्हायचे. "ती सूज आत बाळाच्या मेंदूलाही बाधत असणार," असं त्या सारख्या म्हणायच्या.

मुंबईचे एक बडे डॉक्टर हसले. "कुठल्या पुस्तकात आहे हे?"

"अजून लिहायचंय कुणीतरी!"

*

तलासरीजवळच्या वेवजी गावची जानी बैलगाडीतून आली ती तापाने फणफणलेली. मुलगा झाला, ओंजळीत मावेल एवढा. रडलाही उशिरा. आम्ही त्याला कापसात गुंडाळून गरम पाण्याच्या बाटल्यांमध्ये ठेवलं.

बाईंनी जानीच्या सासूला विचारलं, "खरा महिना कितवा?"

"पोर जगवायचाय ना, बाय? मंग सातवाच लिव!"

पोर जगलं. पण घरी निघताना जानीने विचारलं, "याच्या डोक्याला काय नाय ना झाला?" बाई म्हणाल्या, "वर्षभराने येऊन बघते." मला तिथे उभं राहवेना.

*

वर्षभराने तलासरीकडे गेलो तेव्हा जानीच्या अंगणात थांबलो. पोर अजून बसत नव्हतं, उजवी मूठ उघडत नव्हती. ऐकू येतं का बघायला बाईंनी त्याच्या पाठीमागे घंटा वाजवली. अंगणातल्या सगळ्या शेळ्यांनी माना वळवल्या. पोराने नाही!

जानी करवादली, "शेळ्या बऱ्या हायत माझ्या. पोराचा सांग!"

परतताना जीपमध्ये बाई नखं कुरतडत होत्या.

*

पोर तीन वर्षांचं झालं तेव्हा जानी त्याला कडेवर घेऊन डहाणूला आली. चालणं नाही, तोंडातून शब्द नाही. टेबलावर घोलवडच्या चिकूंची टोपली होती. बाईंनी एक चिकू त्याच्यासमोर धरला. वस्तू कळते का, हात पुढे करतो का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

तो नुसता बघत राहिला. जानीचा चेहरा उतरला.

बाईंनी चिकू त्याच्या डाव्या हातात ठेवला. त्याने अंगठ्याने दाबून पाहिला, बाईंना परत दिला आणि टोपलीतला दुसरा दाबायला लागला.

बाईंनी हातातला चिकू स्वतः दाबून पाहिला.

"जानी, कच्चाच होता गं!"