किसनबुवा आणि माझा सॅक्सोफोन

सॅक्सोफोनची पेटी माझ्या हातात दिसली की किसनबुवा कानात बोटं घालत. चोरून नव्हे, दोन्ही कोपरं बाजूला काढून, भर पारावर, चार माणसांत. मी पेटी उघडलेलीही नसे. मी पुढं निघून जाईपर्यंत ते तसेच बसत आणि मग शेजारच्याला मोठ्यानं विचारत, "गेला का बँडमास्तर?" मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण ते जिवंत असताना मी त्यांच्याबद्दल कधी चांगलं बोललो नाही. आता सुरुवात केली तर त्यांनाच आवडणार नाही.

बुवा मावळातल्या तिकोणा पेठ या गावच्या भजनी मंडळाचे मुख्य गायक. थोडी भातखाचरं, दोन म्हशी आणि दुसऱ्या कुणाचं चालू न देणारा आवाज. मी लोणावळ्याचा. वडिलांचा लग्नाचा बँड होता, क्लॅरिनेट त्यांनीच हातात दिली. पुढं मुंबईच्या हॉटेलांत सॅक्सोफोन वाजवता वाजवता मला जॅझचं वेड लागलं. परत आलो ते एकच गोष्ट डोक्यात घेऊन: मावळातलं भजन आणि जॅझ एका बैठकीत आणायचं. शेजारी शेजारी बसवायचं नाही, एकमेकांत मुरवायचं. दोन्हीकडचा वादक ऐनवेळी सुचेल ते वाजवतो, मग जमायला काय हरकत आहे?

हे वेड घेऊन एका एकादशीला मी त्यांच्या देवळात जाऊन बसलो. गवळण रंगली होती. एका ओळीच्या शेवटी मोकळी जागा दिसली, तिथं मी हळूच दोन सूर भरले. बुवांनी हात वर केला. टाळ थांबले, पखवाज थांबला. "पावनं," ते म्हणाले, "म्हस अडलीय जनू कुटंतरी. आधी तिला बघून या." देऊळभर हशा पिकला. ती आमची पहिली भेट.

त्यांची मतं ठाम होती आणि सगळी माझ्याविरुद्ध. पियानोवर एका वेळी चार पट्ट्या दाबतात, यावर त्यांचं म्हणणं, "एक सूर सापडंना म्हणून चार चार दाबतोय व्हय? लागंल त्यातला एखादा." जॅझचा झुलता ठेका मोबाइलवर ऐकवला, तर म्हणाले, "ह्याच्या पायात काटा मोडलाय." मीही गप्प बसणारा नव्हे. तुमचा वरचा सा कायम उतरतो, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. खरंच उतरायचा. "उतरंल," बुवा म्हणाले, "आमचा सूर डोंगर चढून येतो. तुमच्यासारखा लिफ्टनं न्हाई येत."

एवढं असून मी त्या घरी जात राहिलो ते त्यांच्या मुलीसाठी. सुनीता दिवसा पवनेच्या काठावरच्या एका रिसॉर्टात काम करी आणि संध्याकाळी मंडळात पखवाज वाजवी. मुलगा नाही म्हणून बुवांनी तिला शिकवलं, असं लोक म्हणत. मला विचाराल तर मुलगे असते तरी तीच बसली असती. मी जमवलेल्या वादकांच्या तालमीला ती आली आणि आमच्या झुलत्या ठेक्यात पहिल्याच दिवशी अशी शिरली, की पियानोवाला रोहन वाजवायचा थांबून बघत राहिला. बुवांनी तिला येऊ दिलं याचं सगळ्यांना नवल वाटलं. "जाऊ द्या," ते म्हणाले, "खारट हाय का गोड, चाखल्याबिगर पोरीला कसं कळंल?" हे माझ्यादेखत.

भुशीच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलच्या हिरवळीवर आमचा पहिला जाहीर कार्यक्रम ठरला. मुंबईचे दोन आयोजक ऐकायला येणार होते. त्यांना पसंत पडलो तर गावोगावी कार्यक्रम मिळणार होते. माझी साठी जवळ आलेली. अशी संधी पुन्हा येणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. आयोजकांना लवकर परतायचं होतं, म्हणून आमची सगळ्यात तयार चीज, म्हणजे भैरवी, मी ऐनवेळी पहिली घेतली. तालमीत ती नेहमी शेवटी असे. भैरवीनं बैठक संपते हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण जॅझला असलं सोवळंओवळं नसतं, आणि ते काही देऊळ नव्हतं.

भैरवी अशी झाली की आयोजकांतले एक गृहस्थ उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मी पुढची खूण केली. ती चीज सगळी पखवाजावर उभी होती. रोहननं सुरुवात केली, आणि सुनीता पखवाजाच्या डाव्या तोंडावर थापलेली कणीक खरवडू लागली. भजन संपल्यावर खरवडतात तशी, सावकाश, कडा साफ करत. कणीक गेली की पखवाजाचा घुमारा गेला. मग तिनं पखवाजाला नमस्कार केला, तो उचलला आणि चालू लागली. त्या आयोजकांनी पुढं माझा फोन उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी पेठेत. बुवा पारावर होते.

"तुम्हीच पढवलंत तिला! भैरवी झाली की ऊठ म्हणून!"

त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली. मग म्हणाले, "व्हय. मीच सांगितलं. पोरीचा काय दोष न्हाई त्यात."

मी त्यांना जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. आडमुठा, जळका, पोटच्या पोरीच्या मुळावर उठलेला, हे त्यातले सौम्य शब्द. एरवी एकाला दोन ऐकवणारा तो माणूस खाली मान घालून ऐकत होता. पुढची कित्येक वर्षं लोणावळ्यापासून पुण्यापर्यंत मी बुवांच्या नावानं खडे फोडत हिंडलो. सुनीताबद्दल मात्र वावगा शब्द काढला नाही. पुण्यात तिला साथीला बोलवू लागले, हे कानावर येई आणि बरं वाटे.

मागच्या थंडीत बुवा गेले. मला दुःख झालं नाही, खोटं कशाला सांगू? तेरावा उरकल्यावर मी सुनीताकडं गेलो आणि सरळ विषय काढला. "आता अडवणारं कुणी नाही. पुन्हा बसूया."

"आबांनी न्हवतं अडवलं, भाऊ," ती म्हणाली. "त्यांनी काय सांगितलंच न्हवतं. भैरवी झाली नि माझा हातच उचलंना. घरी आले तर आबा असे भडकले! लोकांची बैठक अर्धी टाकून आलीस, पखवाज्याला शोभतं का म्हणले. लय दिस बोलले न्हाईत माझ्याशी."

"मग मला पारावर का म्हणाले, मीच सांगितलं म्हणून?"

"मागनं मी पन तेच इचारलं. तर म्हणले, मास्तरला मी तसाबी गोड लागत न्हाई. पर त्यानं तुझं नाव घालवलं, तर तुला पुन्यांदा बोलवंल कोन?"

मला भयंकर राग आला. तो कुणावर काढायचा ते कळेना. सुनीतानं चहाचा कप पुढं केला.

"शिव्या राहिल्या असत्याल तर मला द्या, भाऊ," ती म्हणाली. "मी हाय हितंच."

राहिल्या होत्या. एकही तोंडातून बाहेर आली नाही.